ऊन पाणी आणि शेवळाचें फूल

रोहिणी नक्षत्राची एखादी वळवाची सर पडून गेली, कीं वसई, विरार, पालघर, ठाणें या बाजूच्या बाजारांत एक अपूर्व भाजी दिसूं लागते. डोंगराकडील बायका पहांटे उठून येतात, स्टेशनाबाहेर फडकें पसरतात आणि त्यावर जांभळट-तपकिरी रंगाच्या, भाल्याच्या पात्यासारख्या टोकदार दांड्यांच्या जुड्या मांडतात. शेजारीं हिरव्या, आंबट काकडांचा वाटा असतो. हीं शेवळें. ज्यांना तीं ठाऊक आहेत ते गाडी चुकली तरी चालेल अशा बेतानें तेथें थांबतात. ज्यांना ठाऊक नाहींत ते हें कसलें सरपण म्हणून पुढें जातात. दोन-तीन आठवडे हा सोहळा चालतो. मग पावसाची झड लागते, आणि शेवळें पुढील वर्षापर्यंत दिसेनाशीं होतात.

या भाजीविषयींची एक गोष्ट मात्र ती आवडीनें खाणारांनाही बहुधा माहीत नसते. शेवळ हें मूळ नव्हे, पान नव्हे, देठही नव्हे. ती एका रानफुलोऱ्याची मिटलेली कळी होय. बाजारांत जें येतें तें उमलण्यापूर्वीं खुडलेलें असतें, आणि जें उमलतें तें बाजारांत येत नाहीं. म्हणून ज्या घरांतून पिढ्यान्पिढ्या ही भाजी शिजत आली, त्या घरांतूनही उमललेलें शेवळ पाहिलेला माणूस क्वचित् सांपडतो. ताटांत ओळखीचें आणि डोळ्यांना अनोळखी असें हें फूल वसईच्या एका कुटुंबाला एके दिवशीं अचानक कसें भेटलें, आणि त्या भेटीनें त्यांच्या घरांतील एका जुन्या सवयीकडे पाहण्याची दृष्टि कशी बदलली, त्याची ही हकीकत आहे.

मृगाच्या आधींच्या रविवारीं हें पांच माणसांचें कुटुंब वज्रेश्वरीच्या ऊन पाण्याच्या झऱ्यांकडे निघालें. निघण्याचें कारण प्रत्येकाचें निराळें होतें. आजोबांचे गुडघे दोन वर्षें दुखत होते. अकलोलीच्या कुंडांत बसून कुणाकुणाला आराम पडला याच्या कथा त्यांनीं ऐकल्या होत्या. आजीला देवीचें दर्शन घ्यावयाचें होतें, आणि जमल्यास परततांना वाटेवर शेवळें. शहरांतील भाजीवाल्याकडे तीं शिळीं मिळतात, रानाजवळ ताजीं मिळतात, हा तिचा अनुभव होता. मुलाला आणि सुनेला सुटीचा एक दिवस घराबाहेर हवा होता. नववींतील नातीच्या डोक्यांत तर भलतेंच कांहीं घोळत होतें. सुमात्रा-बोर्निओच्या पर्जन्यवनांतील प्रचंड फुलांचीं चित्रें तिनें नुकतींच पाहिलीं होतीं, आणि आपल्याकडे असें एकही फूल नाहीं याचें तिला मनापासून वाईट वाटत होतें.

हा आठवडाही मोठ्या मोक्याचा असतो. वैशाखांत गेलें तर उकाड्यांत ऊन पाण्याचें सुख लाभत नाहीं. आषाढांत गेलें तर तानसा नदीला पूर आलेला असतो आणि पात्रालगतचीं कुंडें गढूळ पाण्याखालीं जातात. रोहिणी आणि मृग यांच्या सांध्यावर हवा किंचित् निवलेली असते, नदी अद्याप पात्रांत असते, आणि रानांत पहिल्या सरीनें जागें झालेलें सर्व कांहीं जमिनींतून वर येत असतें.

विरारच्या पूर्वेस महामार्गावरील शिरसाड नाक्याशीं वळलें, कीं मांडवी, उसगांव या गांवांवरून रस्ता वज्रेश्वरीकडे जातो.  वाटेंत पालघर जिल्हा संपतो आणि ठाणें जिल्हा लागतो. पण १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर वेगळा होईपर्यंत ही सारी भूमि एकाच जिल्ह्याची होती, आणि वसईकरांच्या मनांत तर ती आजही एकच आहे. उजव्या हातास तुंगारेश्वराच्या डोंगराची रांग बराच वेळ सोबत करते. या रानाचा सुमारें ८५ चौरस किलोमीटरांचा भाग सन २००३ मध्यें अभयारण्य म्हणून घोषित झाला. दक्षिणेकडे बोरिवलीचें राष्ट्रीय उद्यान आणि ईशान्येकडे तानसाचें अभयारण्य, या दोन मोठ्या रानांना जोडणारा हा दुवा आहे. एका बाजूस मुंबईची उपनगरें फुगत आलेलीं, आणि दुसऱ्या बाजूस साग, ऐन, खैर, बांबू यांचें हें रान अजून उभें. गाडीच्या खिडकींतून हीं दोन्हीं दृश्यें पाठोपाठ दिसतात.

वज्रेश्वरीचें मंदिर एका टेकडीवर आहे. वर जाण्यास ५२ दगडी पायऱ्या आहेत आणि त्यांपैकीं एकीवर सोनेरी कासव कोरलेलें आहे. मंदिराची हकीकत वसईच्या माणसाला परकी नाहीं. पोर्तुगीजांशीं चाललेल्या युद्धांत चिमाजी अप्पांनीं या देवीला नवस केला, कीं वसईचा किल्ला हातीं आल्यास देवीसाठीं किल्ल्यासारखें देऊळ बांधीन. मे १७३९ मध्यें वसई पडली आणि नवस फेडला गेला, अशी परंपरा आहे. प्रवेशद्वारावरील नगारखाना आणि भोंवतालचा दगडी कोट पाहिला कीं ही गोष्ट सांगावी लागत नाहीं. आजोबा त्या पायऱ्या मुलाचा हात धरून, दर दहा पायऱ्यांना थांबत, चढले आणि तशाच उतरले. त्यांचें सारें लक्ष खालच्या पाण्याकडे लागलेलें होतें.

अकलोलीचीं कुंडें तेथून जवळच, तानसेच्या कांठीं, रामेश्वराच्या देवळापाशीं आहेत. देवीच्या परिसरांत चार-पांच मैलांच्या आंत असे वीस-एकवीस झरे मोजले जातात. सूर्य, चंद्र, अग्नि, वायु, राम, लक्ष्मण, सीता अशीं कुंडांचीं नांवें लोकांच्या तोंडीं आहेत. पलीकडे गणेशपुरीस भीमेश्वराजवळही असेच झरे आहेत. सन १९६१ मध्यें समाधिस्थ झालेल्या नित्यानंद स्वामींमुळें तें स्थान दूरवर प्रसिद्ध झालें. देवीनें मारलेल्या दैत्यांचें रक्त ऊन झऱ्यांच्या रूपानें वाहतें, असें पुराणिक सांगतात. पाण्यावर पहांटे वाफेचा पातळ पदर तरंगतो. बुडबुडे तळांतून उठून वर येतात आणि फुटतात. जवळ गेलें कीं गंधकाचा मंद वास येतो.

सर्व कुंडें सारखीं ऊन नाहींत. कांहींत पाय टाकतांच माणूस तो मागें घेतो, कांहींत सुखानें बसतां येतें. आजीनें प्रथम ओंजळीनें पाणी पाहिलें, सुनेनें मुलीला कांठावर बसविलें, आणि आजोबा सोसेल अशा कुंडांत हळूहळू गुडघ्यांपर्यंत उतरले. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. नातीनें मात्र विचारलें, "खालीं ज्वालामुखी आहे का?"

हा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येतो, आणि त्याचें उत्तर नाहीं असें आहे. हा सारा प्रदेश ज्या काळ्या दगडाचा बनला आहे तो अग्निजन्य आहे खरा. पण तो लाव्हा सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं वाहिला, आणि त्याची धग केव्हांच निवून गेली. झऱ्यांतील पाणी पावसाचेंच आहे. तें डोंगरांवर पडतें, कातळांतील भेगांवाटे खालीं मुरतें आणि मुरतच राहतें. पृथ्वीच्या पोटांत जसजसें खोल जावें तसतशी उष्णता वाढते. साधारणपणें दर किलोमीटरास २५ ते ३० अंशांनीं. तेव्हां पन्नास अंशांच्या आसपास तापून येणारें पाणी निदान एक किलोमीटर खोल जाऊन आलेलें असलें पाहिजे, हा हिशेब नववींतील मुलीलाही करतां येतो. तेथें तापलेलें पाणी हलकें होतें आणि एखादी मोठी भेग सांपडली कीं तिच्यावाटे वर चढतें. वाटेंत तें दगडांतून क्षार उचलतें. वास गंधकाचा असला तरी या पाण्यांत प्राधान्य क्षारांचें असतें, आणि म्हणूनच जिभेला तें किंचित् खारट लागतें.

असे झरे एकट्या वज्रेश्वरीसच नाहींत. उत्तरेस पालघरच्या बाजूचें कोकणेर, सातिवली आणि हालोली येथून थेट दक्षिणेस राजापूरपर्यंत, सह्याद्रीच्या पायथ्याला समांतर अशी त्यांची ३०० किलोमीटरांहून लांब ओळ आहे. पूर्वजांनीं ती नकाशावर काढली नाहीं, पण गांवांच्या नांवांत नोंदवून ठेवली. पालीजवळ उन्हेरें, दापोलीच्या बाजूस उन्हवरें, राजापूरजवळ उन्हाळें; ऊन पाणी जेथें वर आलें तेथें ऊन हा शब्द गांवाच्या नांवांत शिरला. जमिनीच्या आंत भेगांची एक रांग आहे, हें भूगर्भशास्त्र्यांनीं सांगण्यापूर्वींच त्या रांगेवर पाट्या लागलेल्या होत्या.

आतां गुडघ्यांविषयीं. ऊन पाण्यांत बसल्यानें आंखडलेले स्नायू सैल होतात, रक्ताचा प्रवाह वाढतो, सांध्यांवरील भार पाण्यानें उचलला जातो आणि दुखऱ्या जागेला खराच विसांवा मिळतो. पण सांध्यांतील झिजलेली कूर्चा पाण्यानें भरून येत नाहीं. शिवाय ज्यांना हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनीं, गर्भवती स्त्रियांनीं आणि लहान मुलांनीं फार ऊन कुंडांत उतरूं नये. इतरांनींही दहा-पंधरा मिनिटांत बाहेर यावें आणि पुष्कळ पाणी प्यावें. अंगावर उघडी जखम असेल तर सार्वजनिक कुंडांत उतरूंच नये. आजोबा बाहेर आले तेव्हां त्यांचा चेहरा उजळलेला होता. ते कांठावर दोन-चार पावलें कोणाचाही हात न धरतां चालले. मग गाडीकडे जाणारा चढ लागला आणि त्यांनीं न बोलतां मुलाकडे हात पुढें केला. "उतरतांना बरे झाले होते," असें म्हणून ते स्वतःच हंसले. ज्या गोष्टीसाठीं ते आले होते ती मिळाली नव्हती. पण घटकाभर मिळालेल्या आरामाला त्यांनीं खोटें म्हटलें नाहीं.

दुपारीं नदीकांठच्या झाडाखालीं दशम्या, लसणीची चटणी आणि आंबे असें जेवण झालें. जिच्या कांठीं ते बसले होते त्या तानसेच्या वरच्या अंगास सन १८९२ मध्यें धरण पूर्ण झालें, आणि तेव्हांपासून ही नदी मुंबईची तहान भागवीत आली आहे. मुंबईकर नळ सोडतो तेव्हां त्याला तिची आठवण होत नाहीं. जेथून वस्तु येते तें स्थान न पाहतां ती वापरणें हा शहराचा सर्वसाधारण धर्मच आहे. आणि त्याच दिवशीं, आणखी दोन घटकांनीं, या कुटुंबाला तो दुसऱ्या एका वस्तूविषयीं उमगावयाचा होता.

परततांना उसगांव मागें पडल्यावर मुलानें सांवली पाहून गाडी थांबविली. एका शेताच्या बांधापलीकडे बांबूचें बेट होतें. खालीं उतरतांच सुनेनें नाकाला पदर लावला. उंदीर किंवा साप मरून पडला असावा असा वास येत होता. पुढें जाऊन थांबावें असें ठरत होतें, इतक्यांत नात माशांच्या मागोमाग बांबूकडे गेली आणि तेथूनच तिनें हांक मारली, "आजी, लवकर ये!"

वाळलेल्या पानांच्या थरांतून, जवळपास एकही हिरवें पान नसतांना, हात-दीड हात उंचीचा एक दांडा सरळ वर आला होता. त्याच्या टोंकाशीं जांभळट छटेचें एक आवरण एका बाजूनें उलगडून, देवळांतील प्रभावळीसारखें उभें होतें. त्याच्या मधोमध गडद जांभळ्या रंगाची लांब, निमुळती काठी आवरणाच्याही वर डोकावत होती. तळाशीं, आवरणाच्या पेल्यांत, कांहीं बारीक भुंगे आणि माशा येरझारा घालीत होत्या. वास तेथूनच येत होता. आजी बांबूला धरून वांकली. तिनें पुष्कळ वेळ पाहिलें आणि मग हलकेंच म्हणाली, "अगं, हें तर शेवळ!"

साठ वर्षें ती ही भाजी निवडत, चिरत, शिजवत आली होती. उमललेलें शेवळ ती त्या दिवशीं प्रथम पाहत होती.

शास्त्रांत या वनस्पतीला ॲमॉर्फोफॅलस कम्युटेटस असें नांव आहे. ती सुरणाच्या वंशांतील, आणि अळवाच्या कुळांतील. पावसाळा संपला कीं तिचें जमिनीवरील सर्व अंग सुकून जातें, आणि पुढील सहा-सात महिने ती केवळ एक कंद होऊन मातींत निजते. वळवाची पहिली ओल पोंचतांच कंद जागा होतो आणि पान पाठविण्याच्या आधीं फुलोरा वर पाठवितो. त्या मधल्या काठीच्या तळाशीं मादीफुलांचे बारीक दाणे असतात. त्यांच्या वर नरफुलांचा पिवळट पट्टा असतो. आणि सर्वांत वर ती लांब वांझ काठी. या वांझ काठीचें काम एकच. सडक्या मांसासारखा वास पसरविणें. या वंशांतील कित्येक जातींत, आपल्या सुरणाच्या फुलांतसुद्धां, वास दूर जावा म्हणून काठी स्वतःला तापविते आणि भोंवतालच्या हवेहून ऊन होते. मेलेल्या प्राण्याच्या आशेनें कीटक येतात, पेल्यांत शिरतात आणि फसतात. प्रथम मादीफुलें परागकणांसाठीं सिद्ध होतात आणि नंतर नरफुलें पराग सोडतात, म्हणून एका फुलाचे पराग त्याच फुलाला न लागतां दुसऱ्याकडे जातात. हा सारा व्यवहार दोन-तीन दिवसांत आटोपतो. मग फुलोरा कोमेजतो, आणि जुलैच्या सुमारास ठिपक्यांच्या देठावर छत्रीसारखें एकच फाटेदार पान वर येतें. तें पान चार महिने अन्न करून कंदांत भरतें. पुढच्या वर्षींचें फूल त्या शिदोरीवर उमलतें.

नातीचें दुःख येथेंच संपलें. कारण ज्या प्रचंड फुलाचें चित्र पाहून ती हळहळत होती तें सुमात्रांतील महाकाय फूल या शेवळाचेंच भावंड आहे. ओदोआर्दो बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाला तें सन १८७८ मध्यें आढळलें. लंडनजवळच्या क्यू उद्यानांत तें १८८९ मध्यें प्रथम उमललें, आणि १९२६ मध्यें पुन्हां उमललें तेव्हां पाहणारांची गर्दी आवरण्यास पोलीस बोलवावे लागले. तें फूल माणसाहून उंच होतें, आणि शेवळ माणसाच्या गुडघ्याशीं येतें; पण दोघांची घडण तीच, वास तोच, आणि कीटकांना फसविण्याची युक्तिही तीच.

दुसरें प्रसिद्ध दुर्गंधी फूल रॅफ्लेशिया. तें मात्र या कुळांतील नव्हे. त्याला स्वतःचें पान नाहीं, खोड नाहीं. तें एका रानवेलीच्या अंगावर जगतें, आणि सर्वांत मोठ्या जातींत त्याचा घेर हातभराहून पुष्कळ अधिक होतो. बोर्निओ बेटावर किनाबालू पर्वताच्या पायथ्याशीं पोरिंग नांवाचें ठिकाण आहे. तेथें वज्रेश्वरीसारखे ऊन पाण्याचे झरे आहेत, आणि त्याच भागांत रॅफ्लेशिया उमलतें. फूल उमललें कीं जमिनीचा मालक रस्त्यावर पाटी लावतो. प्रवासी पैसे देऊन रानांत जातात, फुलाकडे पाहतात आणि परततात. तेथें फूल जागेवर राहिलें तर कोणाच्या तरी घरीं पैसा येतो. तुंगारेश्वराच्या पायथ्याशीं उलट आहे. येथें फूल खुडलें तरच पैसा येतो, आणि तेंही उमलण्याच्या आधीं.

बांबूच्या बेटांत आणखी शोधलें तेव्हां पांच-सहा मिटलीं शेवळें दिसलीं. आजीचा हात संवयीनें पुढें झाला. "इतकीं ताजीं बाजारांत मिळायचीं नाहींत," ती म्हणाली. नातीनें तो हात धरला. "आजी, एक तरी उमलूं दे ना." सून म्हणाली, शेत दुसऱ्याचें आहे; विचारल्यावांचून घेणें बरें नव्हे. मुलानें आठवण दिली कीं थोडें पलीकडे अभयारण्याची हद्द आहे, आणि सन १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणें तेथील पानालाही परवान्यावांचून हात लावतां येत नाहीं. पण आजी थांबली ती कायद्यानें नव्हे. ती त्या उमललेल्या फुलाकडे पुन्हां वळली, क्षणभर उभी राहिली, आणि हात पदराला पुसून गाडीकडे निघाली.

मांडवीच्या नाक्यावर एक आदिवासी बाई फडकें पसरून बसली होती. पुढें सहा-सात जुड्या आणि काकडांचे दोन वाटे होते. आजीनें दोन जुड्या घेतल्या आणि न राहवून विचारलें, "बाई, उमललेलीं कां ग आणीत नाहीं?"

बाईला या प्रश्नाचें हंसूं आलें. "उमललेलं कोन घेनार, आजी? त्याला घान मारते. तें रानाला ठेवायचं."

"आणि कांदा?"

"कांदा नाय काढत. कांदा काढला तर पुढल्या सालाला मी काय इकू?"

एवढ्या दोन वाक्यांत त्या बाईनें जें सांगितलें तें नीट समजून घेण्यासारखें आहे. कळी खुडल्यानें वनस्पति मरत नाहीं. कंद खालीं शाबूत असतो, पावसांत पान येतें, आणि पुढील वर्षासाठीं शिदोरी पुन्हां भरते. मात्र खुडलेल्या कळीचें बीं होत नाहीं. आणि बीं झालें नाहीं तर जुने कंद संपतील तेथें नवे उगवावयाचे नाहींत. म्हणून कांहीं फुलें रानाला ठेवणें ही भावनेची गोष्ट नसून हिशेबाची गोष्ट आहे. आणि ज्यांचें पोट त्यावर अवलंबून आहे त्यांना तो हिशेब कळतो. मृगाच्या आधींचे ते पंधरा-वीस दिवस शेतीचें काम अद्याप सुरू झालेलें नसतें, गेल्या वर्षाचें धान्य सरत आलेलें असतें. त्या दिवसांत शेवळांच्या जुडीचे रुपये वारली, कातकरी, ठाकूर, मल्हार कोळी यांच्या घरांत मीठ-मिरचीला उपयोगी पडतात. शहरांतील सुखवस्तु माणसानें त्या बाईला खुडूं नको असें सांगणें अगदीं सोपें आहे. पण तिच्या खुडण्यानें जितकें बीं जातें त्याहून अधिक कायमचा नाश जेथें टेकडीच खणली जाते, जेथें मुरूम काढला जातो, जेथें बांबूचें बेट तोडून जमिनीचे तुकडे पाडले जातात तेथें होतो. खुडलेला दांडा पुढील वर्षीं परत येतो. खणून काढलेल्या मातींतील कंद परत येत नाहीं.

ऊन पाण्याची गोष्टही याहून वेगळी नाहीं. कुंडाचा कांठ शेंदूर लावून, फरशी बसवून राखतां येतो. पण कुंडांतील पाणी तेथें जन्मत नाहीं. तें दूरच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचें असतें, आणि तो डोंगर पाणी मुरूं देईल तरच तें खालीं जातें. झरा काय आणि फूल काय, दोन्हीं पाहणाराला घटकाभर दिसतात. त्यांची तयारी मात्र दृष्टीआड, जमिनीच्या पोटांत, दीर्घकाल चाललेली असते.

त्या संध्याकाळीं वसईच्या त्या स्वयंपाकघरांत आजी विळी घेऊन बसली आणि नात शेजारीं. आजीनें हाताला तेल लावलें. कारण या कुळांतील वनस्पतींच्या अंगांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, आणि ते हाताला व घशाला खाजवितात. म्हणूनच भाजींत काकडांचा आंबट रस किंवा चिंच घालावयाची, हें तिला आईनें शिकविलें होतें. तिनें एक शेवळ घेतलें, वरचें आवरण सोडविलें, आणि आंतील काठीच्या तळाचा दाणेदार पिवळट भाग काढून बाजूला टाकला. "हा टाकायचा. हा खाजतो," ती दर वर्षींप्रमाणें म्हणाली, आणि मध्येंच थांबली. त्या पिवळट दाण्यांकडे तिनें निरखून पाहिलें. दुपारीं बांबूखालीं भुंगे ज्यांच्याभोंवतीं फिरत होते तीं हींच.

"म्हणजे आजवर मी फूल टाकत आलें," ती म्हणाली, "आणि आवरण शिजवत आलें."

भाजी नेहमींसारखीच झाली. कोलंबी, ओला नारळ, काकडांचा रस. आजोबांनीं दोनदां वाढून घेतली आणि गुडघ्यांचा विषय काढला नाहीं. दर वर्षीं त्या घरांत या दिवसांत चार-पांच वेळां शेवळें आणीत. जेवण झाल्यावर आजीनें सुनेला सांगितलें, कीं यंदा ही एवढी एकदांच पुरे. आणि पुढील वर्षीं मृगाच्या आधीं पुन्हां त्या बांबूच्या बेटाकडे जावयाचें, रिकाम्या हातानें.